घोर लागला की नजर कुठे अडकते?

हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावाला उभं राहिलं की क्षणात पन्नासेक चेहरे नजरेखालून जातात. परवा शेजारच्या वहिनी बरोबर होत्या. त्यांचा मुलगा ज्या होडीवर खलाशी आहे, ती अजून लागली नव्हती. आजूबाजूला हसणं-खिदळणं, पापलेटच्या भावावरून हुज्जत. वहिनींच्या डोळ्यांत भरला तो मात्र एकच चेहरा, कपाळाला आठ्या घालून समुद्राकडे बघणारा एक तांडेल. "काहीतरी झालंय, मला सांगत नाहीयेत," त्या पुटपुटल्या. तांडेलाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येत होतं, एवढंच.

जिवाला घोर लागला की नजर अशी का वागते, हे मोजायची एक साधी युक्ती मॅक्लिऑड, मॅथ्यूज आणि टाटा या संशोधकांनी 1986 मध्ये वापरली. त्यांनी शब्द दाखवले होते, पुढे इतरांनी चेहरे घेतले. पडद्यावर दोन चेहरे, एक रागीट आणि एक निर्विकार, साधारण अर्धा सेकंद दिसतात. ते गेले की एकाच्या जागी ठिपका येतो आणि तो दिसताच बटण दाबायचं. ठिपका रागीट चेहऱ्याच्या जागी आला, तर चिंताग्रस्त माणसाचं बटण लवकर दाबलं जातं, कारण त्याचं लक्ष आधीच तिथे असतं. याइर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 172 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा कल चिंताग्रस्तांमध्ये आढळला, इतरांमध्ये नाही. फरक मध्यम आहे, फार मोठा नाही. शिवाय एकाच माणसाची चाचणी दोनदा घेतली तर आकडे नीट जुळत नाहीत. म्हणून एखाद्याची चिंता यावरून ठरवू नये.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते इलेन फॉक्स यांच्या गटाचं 2001 मधलं काम. चिंताग्रस्तांची नजर धोक्याकडे जास्त वेगाने जाते असं नाही, खरी अडचण तिथून ती सोडवून घेण्यात असते, असं त्यांना दिसलं. एकदा रुतली की निघत नाही. त्यात चेहऱ्यावरचा भाव संदिग्ध असेल, तर चिंता त्याचा वाईटच अर्थ लावू पाहते. म्हणून "उगाच घाबरू नका" असं सांगून वहिनींचे डोळे त्या आठ्यांवरून हलले नसते. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

काळोख पडता पडता होडी लागली. मुलगा डोक्यावर पाटी घेऊन, दमून उतरला. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "तोंड का रे उतरलंय तुझं?"