ऐतिहासिक वास्तूंचे जतन व पुनर्वापर (महाराष्ट्र)

जुने वाडे, गढ्या, वसाहतकालीन कचेऱ्या, गिरण्या, नाट्यगृहे यांची मूळ बांधणी राखून त्या वापरात ठेवण्याची पद्धत. मूळ वापर चालू राहिला तर काम सोपे जाते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि आजही स्थानकच आहे. १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा नाट्यगृह म्हणूनच उघडले. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे मात्र वापर बदलत गेले: १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे टपाल कार्यालय व ग्रंथालय आले.

स्मारकांच्या संरक्षणाचा केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा घोषित स्मारकांपुरता आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढील २०० मीटर नियंत्रित. गावठाणातले बहुतेक वाडे या दोन्हींच्या बाहेर राहतात. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने ही उणीव काही अंशी भरून काढली. तिने वास्तूंना श्रेणी दिल्या: श्रेणी १ मध्ये मजबुतीकरणाखेरीज हात लावता येत नाही, २-अ मध्ये आतले बदल व नवा वापर चालतो, २-ब मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामही होऊ शकते, श्रेणी ३ सर्वांत सैल. न वापरता आलेल्या चटईक्षेत्राबद्दल (भूखंडावर बांधता येणाऱ्या क्षेत्रफळाबद्दल) मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याचा किंवा विकण्याचा हक्क, मिळू शकतो. तरीही जुन्या भाडेकरूंच्या गोठलेल्या भाड्यात कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत, आणि मग पडझडीची वाट पाहणे मालकाला परवडते. खरी अडचण ही आहे. श्रेणीच्या कागदाने ती सुटत नाही.

नवा वापर ठरवण्याआधी मजल्याची ताकद तपासावी. प्रचलित भारतीय मानकानुसार राहत्या खोलीसाठी चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरतात, उपाहारगृहासाठी ४००, तर पुस्तकांच्या मांडण्यांसाठी ६०० किंवा अधिक. म्हणून कडीपाटाच्या (लाकडी कड्या व फळ्यांच्या) माडीवर ग्रंथसंग्रह नेणे धोक्याचे. तो जोत्यावर, तळमजल्यावर ठेवावा आणि माडीवर कार्यालय किंवा अभ्यासिका. माडीवर काँक्रीटचा थर ओतून ताकद वाढवण्याचा मोह टाळावा: तुळयांवर कायमचे ओझे चढते आणि त्यांची टोके भिंतीत कोंडून कुजतात. स्वच्छतागृह हा दुसरा शत्रू. सागवानी माडीवर नळ नेण्यापेक्षा मागच्या अंगणात वेगळे बांधावे. गळती दिसेपर्यंत आतले लाकूड गेलेले असते.

खांब बहुधा तळाशी, तळखड्याला (खालच्या बैठकीच्या दगडाला) टेकतो तिथे कुजतो. अख्खा खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. तुळईला धीरे (तात्पुरते टेकू) देऊन भार उचलावा, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापावा आणि वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. ओले लाकूड वापरल्यास ते आक्रसून सांधा उघडतो.

सर्वाधिक नुकसान सिमेंटने होते. चुन्याच्या दरजांतून (विटांमधल्या सांध्यांतून) भिंतीतली ओल बाहेर पडते. वर सिमेंटचा गिलावा बसला की ती विटेत अडकते, क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीचा चुना विटेपेक्षा मऊच हवा. कळी चुना (भट्टीतून आलेला कोरडा चुना) पाण्यात विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवतात. न विरलेले खडे राहिले तर गिलाव्यात नंतर फुगून खळगे पाडतात. चुन्याच्या एका भागाला दोन ते तीन भाग वाळू, ओलीच्या जागी वाळूऐवजी काही सुरखी (विटांची पूड), आणि हे सारे चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चक्कीत, चांगले मळलेले. थर १० ते १२ मिलिमीटरचा. त्यावर ओले गोणपाट आठ-दहा दिवस. उन्हात भराभर वाळलेला गिलावा भुसभुशीत होतो. चुन्यात पारंपरिक पद्धतीने गूळ, हिरडा घालायचा तर आधी लहान पट्ट्यावर नमुना करावा. गूळ जास्त झाला की चुना आवळायला वेळ लागतो.

पावसाळ्याआधी सरकलेली कौले व तुंबलेल्या पन्हळी पाहणे हे जतनातले सर्वांत स्वस्त काम, आणि नेमके तेच अंदाजपत्रकात नसते. पिंपळाचे रोप वरून छाटले तर मूळ भिंतीत जाड होत राहते. जाड मूळ ओढून काढल्यास दगड निखळतात, म्हणून ते मारून टप्प्याटप्प्याने काढतात आणि मोकळी झालेली दरज लगेच चुन्याने भरतात.