जुन्या गाडीला बूस्टर लावायचा की डिस्क?

जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घरात असलेला माणूस भेटला की हमखास ऐकायला मिळतं, 'ब्रेक एकदम मस्त केलेत, पॉवर ब्रेक बसवून घेतले.' खोलात विचारलं तर कळतं की बसवलाय फक्त बूस्टर, आत ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं), लायनर (आतून त्याला घासून थांबवणारी पट्टी) सगळं तेच जुनं. उलटं पण असतं, पुढच्या चाकांना डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ती उघडी चकती) टाकल्यात आणि तक्रार अशी की 'पूर्वीपेक्षा ब्रेक लागतच नाही, पाय दुखतो.' दोघांची गल्लत एकच आहे, ब्रेक हलका होणं आणि ब्रेक चांगला होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

बूस्टर म्हणजे ते काळं गोल डबडं, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) मागे असतं. आत पडदा असतो, इंजिन हवा ओढतं त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम राहतो, पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ती हवाच पडद्याला पुढे ढकलते, म्हणजे तुमच्या पायाला मदत झाली. बस्स, एवढंच काम. लायनर तेच, ड्रम तोच, त्यामुळे ड्रम तापला की जे व्हायचं ते होणारच.

आणि खरा प्रॉब्लेम तापण्याचा आहे. चालत्या गाडीतली सगळी ऊर्जा थांबताना उष्णता होते, आणि वेग ६० वरून ८० केला तरी ती पावणेदोन पट होते, दुप्पट वेगाला चौपट. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो, पेडल खाली खाली जायला लागतं, लायनरची पकडही ढिली होते. बोरघाट किंवा कसारा उतरताना पाचव्या-सहाव्या वळणाला जो पोटात गोळा येतो तो याचाच. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते. पावसात पाणी गेलं तर फिरताना उडून जातं, ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र दोन-चार वेळा ब्रेक मारून वाळवावं लागतं.

मग डिस्क लावली की पाय का दुखतो? कारण ड्रममध्ये एक फुकटची मदत असते. ड्रम फिरताना पुढचा लायनर स्वतःच ड्रमकडे ओढला जातो, घट्ट बसतो. डिस्कला ही सोय नाही, तिथे जेवढं दाबाल तेवढंच मिळतं. म्हणून डिस्क टाकली तर बूस्टर जवळपास लागतोच, पण बूस्टर टाकला म्हणून डिस्कचा फायदा मिळतो असं नाही.

अजून एक, डिस्कवाल्यांना आवडणार नाही ते. तुमचे ड्रम नीट असतील आणि थंड असताना जोरात ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक होत असतील, तर त्या पहिल्या ब्रेकला डिस्कने गाडी फार लवकर थांबणार नाही, कारण तिथून पुढे मर्यादा टायरची असते. डिस्कचा पैसा वसूल होतो तो घाटात आणि पावसाळ्यात. गाडी फक्त रविवारी पुण्यात डेक्कनपर्यंत चक्कर मारायला काढत असाल तर माझ्या मते ड्रम लेथवर टर्न (आतून घासून एकसारखे) करून घ्या, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, नवे होज पाइप टाका, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, झालं. मात्र मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर डिस्कच्याही आधी टँडम (दोन वेगळ्या सर्किटचा) करून घ्या. एका सर्किटमध्ये एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, मग हँडब्रेक आणि देव.

डिस्क टाकायचीच असेल तर नुसती डिस्कची प्लेट आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) लावून काम होत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बऱ्याचदा लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाइनला तसाच राहिला तर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. पुढचे ब्रेक बदलले की पुढचं-मागचं गणितही बदलतं, मोकळ्या रस्त्यावर तपासा मागची चाकं आधी लॉक होतायत का, कारण तसं झालं तर गाडी फिरते.

बूस्टरवाल्यांनी एक सवय सोडायची, उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद, एक-दोन ब्रेकपुरती मदत शिल्लक असते, नंतर पेडल दगड.

स्टेअरिंगचंही अगदी हेच. जड स्टेअरिंग आणि ढिलं स्टेअरिंग यात लोक गोंधळ करतात आणि दोन्हीवर औषध एकच सांगतात, पॉवर स्टेअरिंग. स्क्रॅपमधून इलेक्ट्रिक मोटरवालं कॉलम आणून बसवलं की पार्किंगला हात हलके होतात खरं, पण टायरॉडचे (स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट झिजले असतील तर ८० ला गाडी जशी भटकत होती तशीच भटकणार, वर हाताला येणारा फीलही कमी होणार म्हणजे दुखणं झाकलं गेलं. आधी पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हललं तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती पिन) किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हललं तर टायरॉड किंवा स्टेअरिंग बॉक्स. पद्मिनीचा वर्मवाला (स्क्रूसारख्या आट्यांचा) स्टेअरिंग बॉक्स मधोमध जास्त झिजतो कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, आणि मेकॅनिक मधला प्ले काढायला स्क्रू आवळतो तेव्हा वळणावर तोच बॉक्स अडकायला लागतो. तेव्हा आवळू नका, बॉक्स उघडून बघा. अ‍ॅम्बेसेडरला रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक) आहे, तिथे हा प्रकार नाही. आणि जडपणा निम्म्या वेळा टायरमध्ये कमी हवा, हौसेने टाकलेले रुंद टायर किंवा ग्रीस न मिळालेले किंगपिन एवढ्यातच असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, त्यात अट मूळ स्वरूपाची आहे आणि चासी, बॉडी, इंजिन यातल्या बदलांचा नाव घेऊन उल्लेख आहे. ब्रेकचं नाव नसलं तरी आरटीओत आधी विचारूनच हात घाला. कॅलिपरसाठी नटबोल्टने बसणारा ब्रॅकेट करून घ्या, स्टब अ‍ॅक्सलला (पुढचं चाक ज्यावर बसतं तो दांडा) वेल्डिंग कुणी सुचवलं तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा, आणि काढलेले ड्रम भंगारात देऊ नका, पुन्हा नाना पेठेत शोधत फिरावं लागेल.