कमिशनवर काम करणाऱ्याची नोकरी जाते तेव्हा : पार्श्वभूमी

बेकारी विम्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. नोकरी गेली तर हाती मुख्यतः दोन गोष्टी पडू शकतात : मालकाने द्यायची नोकरकपातीची भरपाई आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतला बेकारी भत्ता. दोन्ही पगारावर मोजतात. त्यामुळे कमिशन हा पगार आहे का, या एका प्रश्नावर सगळं अडतं, आणि कायद्याने त्याचं उत्तर वेळोवेळी बदललं आहे.

सुरुवात औषध कंपन्यांच्या एमआरपासून, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींपासून झाली. कपातीची भरपाई १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात होती, पण ती ‘कामगारां’साठी. दवाखान्याच्या बाकावर बॅग घेऊन ताटकळणारा प्रतिनिधी त्या व्याख्येत बसत नव्हता. १९७६ साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा आला, तोही मर्यादा घालून : पगार महिना ७५० रुपयांपर्यंत किंवा कमिशन वर्षाला ९,००० पर्यंत. म्हणजे धंदा जोरात केला की माणूस कायद्याबाहेर! ही मर्यादा १९८७ मध्ये उठली. त्याआधी, १९८४ पासून, औद्योगिक विवाद कायद्याने विक्रीवरचं कमिशन सरळ वेतनाच्या व्याख्येत घेतलं होतं. तरी १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विक्रीवाढीचं काम मुळात ‘कामगारा’चं नव्हे, जे संरक्षण आहे ते १९७६ च्या कायद्यामुळेच.

मग जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या नव्या श्रमसंहिता आल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. विक्री प्रतिनिधीला त्यांनी कामगारांत ठेवलं, पण वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलं. घरभाडं, वाहनभत्ता, ओव्हरटाइम यांच्या रांगेत कमिशन नेऊन बसवलं. भत्ते फुगवून पीएफ वाचवणाऱ्या मालकांना चाप लावणं हा हेतू होता. वगळलेल्या रकमा एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची, अशी तरतूद त्यासाठीच आहे. पण घरभाडं भत्ता आणि कमिशन एकाच मापाने मोजणं पटत नाही. कमिशन ही तर कामाची मजुरीच.

हिशोब करून पाहा. मूळ पगार ६,०००, सरासरी कमिशन २४,०००. जुन्या व्याख्येत वेतन ३०,०००. नव्या व्याख्येत कमिशन निम्म्याच्या वर ९,००० ने जातं, ते परत धरून वेतन होतं १५,०००. भरपाई दर वर्षामागे पंधरा दिवसांची; दहा वर्षांच्या नोकरीला दीड लाखाऐवजी सुमारे पाऊण लाख. आता गंमत अशी की ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० आहे. दरमहा मिळणारं कमिशन धरून त्या मर्यादेबाहेर राहिलेला हाच माणूस कागदावर आत येऊ शकतो. त्याला भत्ता मात्र या छोट्या आकड्यावरच.

ईएसआयचा हा बेकारी भत्ता २००५ साली आला, कपात किंवा कारखाना बंद पडल्यास निम्मं वेतन. २०१८ ची दुसरी योजना ९० दिवस पाव वेतन देणारी होती, कोविडमध्ये ते निम्मं झालं.

हे सगळं नोकर ठरलेल्यांपुरतं. विमा एजंट, बँकेची कर्जं आणणारे डीएसए यांच्या करारात पहिल्याच पानावर ‘नोकर-मालक नातं नाही’ असं असतं. टीडीएसही पगाराच्या नव्हे, कमिशनच्या कलमाखाली कापला जातो. टार्गेट, मीटिंगची हजेरी, वरिष्ठांचे सकाळचे फोन, सगळं नोकरीसारखं. पण न्यायालयं नियंत्रणाची कसोटी लावतात आणि ती सिद्ध करायची जबाबदारी येते एजंटवर. सरकारी आयुर्विम्याच्या एजंटांना ग्रॅच्युइटी आहे, २०२३ मध्ये तिची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर गेली. बेकारी भत्ता नाही.

गिग कामगारांसाठी, म्हणजे अ‍ॅपवरून सुटी कामं घेणाऱ्यांसाठी, नव्या संहितेत कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के घ्यायची सोय आहे. त्या पैशातून करायच्या योजनांची यादी दिली आहे : जीवन व अपंगत्व संरक्षण, अपघात विमा, आरोग्य व प्रसूती लाभ, म्हातारपणाची सोय, पाळणाघर. शेवटी ‘इतर लाभ’ असं मोघम कलम आहे. काम सुटल्यावरच्या भत्त्याचा नावानिशी उल्लेख कुठेही नाही.