मागे बसणाऱ्याचं हेल्मेट कुठे आहे?

आमच्या गॅरेजच्या सर्व दुचाकीधारक ग्राहकांसाठी

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या याच अहवालातला आणखी एक आकडा आम्हाला फार अस्वस्थ करतो. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले, त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. ना ब्रेक त्यांच्या हातात, ना वेग.

आपल्याकडे हे दृश्य रोजचं आहे: चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे घरची बाई एका अंगाने, पिशवी सांभाळत, उघड्या डोक्याने बसलेली. "इथेच तर जायचंय" हे कारण नेहमीचं. पण पाठीमागून धक्का बसला तर आधी मागचाच माणूस फेकला जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दोघांनाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. त्याहून लहान, नऊ महिन्यांपुढच्या बाळासाठी चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि लहान मुलांचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

हेल्मेट घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. नुसती टोपीसारखी प्लॅस्टिकची कवटी चलान वाचवेल, डोकं नाही. खरं काम आतल्या थर्माकोलचं असतं: आपटल्यावर तो दबतो आणि मार स्वतःवर घेतो. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदला.

पट्टा लावलाच पाहिजे. लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत. मग हेल्मेट मागच्या कडेला धरून पुढे ढकलून बघा. निघून आलं, तर पडताना ते डोक्याच्या आधी रस्त्यावर असेल.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं.

पुढच्या सर्व्हिसिंगला येताना घरातली सगळी हेल्मेट घेऊन या, मागच्या सीटचं तर नक्कीच. बकल, पट्टा आणि आतला थर्माकोल आम्ही तुमच्यासमोर तपासून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही.