मिरवणुकीत हलगी की डॉल्बी : वादामागची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशी जवळ आली की कोल्हापुरात बैठका सुरू होतात आणि गाडी त्याच मुद्द्यावर अडते: डॉल्बी, म्हणजे ट्रॉलीवरच्या मोठ्या स्पीकर-पेट्या, वाजणार की नाही. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आता शहराला पाठ झालेत. बंदी नेमकी कशावर घालायची, यंत्रावर की आवाजावर, हा प्रश्न मात्र कायम मागं राहतो.

डॉल्बीच्या आधी गणपतीपुढं वाजत होती ती वाद्यं एकट्या गणपतीची नव्हती. हलगी, म्हणजे काड्यांनी वाजवायचं चपटं चामडी वाद्य, हीच त्यातली मुख्य. तीच हलगी चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी (देवाची उंच सजवलेली काठी) नाचवते, मोहरमात पंजांपुढं वाजते आणि कुस्तीच्या मैदानात पैलवानांच्या अंगात वारं भरते. 1912 मध्ये खासबाग मैदान झाल्यावर कुस्तीची हलगी तिथंही घुमली. तालमींनी तिला लेझमाची जोड दिली. पुढं झांजपथकं आली, बँड आला, मग गाडीवरचा बेंजो. बेंजोला कर्णे जोडले गेले तेव्हाच खरं तर डॉल्बीची वाट मोकळी झाली होती, पण त्या काळात त्याला कुणी हरकत घेतल्याचं फारसं ऐकिवात नाही.

हलगी मागं का पडली, याचं कारण फक्त बदलती आवड नव्हे. तिचं कडं पूर्वी लाकडी असे, आता बहुतेक लोखंडी. त्यावर बकऱ्याचं कातडं. एका हातात आखूड, जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात लांब, लवचिक काडी. टिपरूनं ठेका धरायचा, काडीनं मधल्या जागा भरायच्या. जोडीला घुमकं हे ढोलवाद्य आणि कैताळ ही झांज असली की ताफा पुरा होतो. गणेशोत्सव पडतो पावसाळ्यात. कातडं ओल धरतं, सैल होतं आणि आवाज बसतो. मग रस्त्याकडेला कागद नाहीतर पाचट पेटवून हलगी शेकायची. धग कडेनं फिरवत द्यावी लागते; मधोमध शेक जास्त बसला तर कातडं कडक होऊन जोराच्या टोल्याला फाटतं. सरीवर सर आली की पुन्हा तेच. म्हणून अनेकांनी फायबरचं पान चढवलं. त्याला ना ओल लागते ना शेक, पण आवाज पत्र्यासारखा करकरीत येतो आणि खालचा घुमारा जातो. बेसच्या पेट्यांची सवय झालेल्या कानांना नेमका तोच घुमारा हवा असतो.

आता बंदीकडे. केंद्राच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत डॉल्बी हा शब्दच नाही. तिथं पातळ्या आहेत: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या पातळीपेक्षा 10 डेसिबलनं जास्त किंवा 75, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे मिरवणुकीच्या मार्गावरचा महाद्वार रोड व्यापारी धरला तर दिवसाची मर्यादा 75, निवासी धरला तर 65. दुकान-घर एकाच इमारतीत असलेल्या या रस्त्याला काय धरायचं, इथूनच घोळ सुरू होतो.

दुसरा घोळ मीटरचा. नियमांतली मोजणी ‘ए’ भारांकनाची आहे. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून हे मोजमाप ते वजा धरतं. 63 हर्ट्झला ही वजावट सुमारे 26 डेसिबल भरते. छातीत धडधड होईल, खिडक्यांची तावदानं थरथरतील असा 100 डेसिबलचा बेसचा ठोका मीटरवर एकटा जेमतेम 74 दिसतो. उलट ताशा-हलगीचा आवाज वरच्या पट्टीतला, तो जवळजवळ पुरता मोजला जातो. शिवाय गर्दीचा स्वतःचा गलका असतोच. दोन सारखे आवाज एकत्र आले की आकडा 3 डेसिबलनं वाढतो, आणि त्यातलं मंडळाचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय खटला टिकणं अवघड. त्यामुळं आदेशांत आकड्याऐवजी यंत्राचं नाव घालणं प्रशासनाला सोयीचं वाटतं. ट्रॉलीवरच्या पेट्या डोळ्यांना दिसतात, डेसिबल दिसत नाही. सोय समजण्यासारखी आहे; पण त्यातून ‘पारंपरिक वाद्यं चालतील’ असं एक वाक्य रूढ झालं आणि त्याची व्याख्या कुणीच केली नाही. कर्ण्यावरचा बेंजो पारंपरिक की नाही? शंभर ढोलांचं पथक?

कायद्यात तरी अशी सूट नाही. 2002 च्या दुरुस्तीनं राज्यांना वर्षातले 15 दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येऊ लागली, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. 2010 च्या दुरुस्तीनं मात्र रात्रीच्या बंदीत लाउडस्पीकरबरोबर वाद्यंही आणली. मध्यरात्रीनंतर हलगी-ढोल चालतो, हा समज नियमांतून आलेला नाही. 2018 मध्ये ध्वनियंत्रणा पुरवणारे व्यावसायिक बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांना ऐन उत्सवात दिलासा मिळाला नाही.

बाराच्या मर्यादेचा एक उलटा परिणामही झाला. आवाज बंद झाला की काही मंडळं पुढं सरकायचं सोडून जागेवरच थांबतात आणि सकाळी सहाची वाट बघतात. मिरवणूक मार्गावरचा मिरजकर तिकटी ते पापाची तिकटी हा पट्टा मुळात अरुंद. एक ट्रॉली अडली की मागची रांग अडते. त्यात आता अनेक मूर्ती पंचगंगा घाटाऐवजी रंकाळ्याजवळच्या इराणी खणीकडे विसर्जनाला जातात, म्हणजे गंगावेशीनंतरही चाल उरतेच.

‘पारंपरिक’ या शिक्क्यानं हलगीला पुन्हा मागणी आली, हे खरं. पण त्या शब्दानं झाकलेलीही एक बाजू आहे. वाजवणं हे गावकीनं ठराविक जातींवर लादलेलं काम होतं, हक्कानं मागून घेतलेली कला नव्हे. कोल्हापूर संस्थानात 1918 मध्ये महार वतनं रद्द झाली. पुढच्या काळात अनेक घराण्यांनी स्वाभिमानापोटी वाजवणं सोडलं. आज सुपारी घेऊन येणारा ताफा दर ठरवतो, वेळ ठरवतो आणि पावसात थांबायचे वेगळे पैसे मागतो, तेव्हा ‘परंपरा म्हणून थोडं सांभाळून घ्या’ असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. डॉल्बीवाल्याला जनरेटरच्या डिझेलसकट पैसे मोजताना अशी घासाघीस क्वचितच होते.

अलीकडं या वादात लेसरची भर पडली आहे. डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारींनंतर प्रखर दिव्यांवरही बंदीचे आदेश निघू लागले, आणि आवाजाच्या मोजणीचा प्रश्न बैठकीच्या यादीत आणखी एक जागा खाली गेला.