मुंबईला समुद्र आहे, पण लाट कुठे आहे?

पावसाळ्यात वरळीला पाणी कठड्यावरून रस्त्यावर उसळलं की हा प्रश्न हमखास निघतो: इतकं उधाण, मग इथे सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ, का नाही? मुळात उधाण म्हणजे मोठी भरती, लाट नव्हे. भरतीचा कोकणी हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा वाजता. सर्फिंगची लाट तिथीवर येत नाही. ती हजारो किलोमीटर दूरच्या वादळात उठते.

चौदा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात सुमारे 300 मीटर लांब असते आणि साधारण 150 मीटर खोलीवर तिला तळ जाणवू लागतो. हवाईत किनाऱ्यालगतच तळ खोल जातो, म्हणून लाट सगळा जोर घेऊन येते आणि खडकावर एकदम उभी राहते. मुंबईसमोरचा उथळ पट्टा जवळपास 300 किलोमीटर रुंद. तळ घासत आलेली लाट जुहूला पोचेपर्यंत दमलेली असते. पावसाळ्यातली लाट वाऱ्याची, आखूड आणि विस्कळीत. तिच्यावर फळी टिकत नाही, माणूस मात्र ओढला जातो.

हवाईत या खेळाला 'हेए नालू' म्हणत. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जेम्स किंगने 1779 मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे साथींनी लोकसंख्या घटली, मिशनऱ्यांनी नाकं मुरडली, खेळ मागे पडला. विसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला. ऑलिम्पिक सुवर्णविजेता जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने 1914-15 च्या मोसमात सिडनीजवळ फळीवर उभं राहून दाखवलं.

बाकीचा इतिहास फळीचा आहे. पूर्वी वळायचं तर पाण्यात पाय घासावा लागे. 1935 मध्ये अमेरिकी सर्फर टॉम ब्लेकने फळीच्या खाली पातं लावलं. पन्नाशीच्या दशकाअखेर लाकूड जाऊन फोम आला. 1971 च्या सुमारास फळी पायाला बांधायची दोरी निघाली, तीही सुरुवातीला रबरी नळीची. ती ताणली की फळी उलटी येऊन आदळे. सर्फिंगचे पोशाख बनवणाऱ्या जॅक ओनीलचा डावा डोळा त्यातच गेला.

भारतात याचं रोपटं 2004 च्या आसपास मंगळूरजवळच्या मुल्कीत लागलं. कोकण रेल्वेने तिथे जाणाऱ्या मुंबईकराने आधी आठ-नऊ फुटी मऊ फळी मागावी आणि कमरेएवढ्या पाण्यात फुटून गेलेल्या फेसाळ लाटेवर शिकावं. छाती फार पुढे घेतली तर फळीचं नाक पाण्यात घुसतं, फार मागे राहिली तर लाट खालून निघून जाते.