पुढच्या माणसापासून किती अंतर?

आंगणेवाडीच्या जत्रेत भराडीदेवीच्या दर्शनाच्या रांगेत मागच्याचा श्वास मानेला लागतो, तरी रांग सरकत राहते. त्यावर ‘आपल्याकडे शिस्तच नाही’ असा शेरा ठरलेला असतो. मला तो अन्यायाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

२००९ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकामागे एकच माणूस चालू शकेल अशी १७.३ मीटर लांबीची बंदिस्त वाट आखून तिच्यावर माणसं वाढवत नेली, ३४ पर्यंत. एकटा माणूस दोन्ही देशांत जवळजवळ सारखाच चालला, सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. दाटी वाढल्यावर मात्र फरक पडला. जर्मन लवकर मंदावले, भारतीयांचा वेग तितका घसरला नाही. थांबलेल्या माणसाला रांगेत लागणारी लांबी या मोजमापांवरून काढली, तर ती जर्मनांसाठी ३६ सेंटिमीटर आणि भारतीयांसाठी अवघी २२ निघाली. भारतीयांची चाल कमी शिस्तीची, तरी तीच जास्त कार्यक्षम, असं संशोधकांनीच लिहून ठेवलं.

शहरागणिक एकट्याची चालही बदलते. रॉबर्ट लेव्हिन आणि आरा नोरेंझायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली ३१ देशांतल्या मोठ्या शहरांची तुलना मांडली. ६० फूट अंतर सर्वांत झपाझप कापणारे आयर्लंडचे निघाले. थंड हवेच्या आणि सुबत्तेच्या देशांत जीवनाची गती एकूणच जास्त आढळली. आपल्या दमट किनाऱ्यावर माणसं सावली धरून सावकाश चालतात, यात मला तरी आळस दिसत नाही.

पण २२ सेंटिमीटरची दुसरी बाजू गंभीर आहे. एवढ्या जवळ असताना कुणी अडखळलं, तर मागच्याला सावरायला जागाच उरत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली, की धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि आपलं पाऊल आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून जत्रेच्या रांगा आणि बाहेर पडायच्या वाटा परदेशी आकड्यांवर बेतणं मला धोक्याचं वाटतं.

शिवाय हा प्रयोग सपाट जमिनीवरचा. कोकणात जांभ्याच्या पाखाड्या आहेत: कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या, दोन्हीकडे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, पावसाळ्यात शेवाळ. तिथे चढणारी म्हातारी आणि उतरणारी पोरं समोरासमोर आली, तर किती जागा लागते? एखाद्या कॉलेजच्या मुलांनी खडू, टेप आणि मोबाईलचा कॅमेरा घेतला, तर हे सहज मोजता येईल.